उघड्या झडपेची टाकी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्रिलोचनदादांनी अप्पांना विचारलं, “हिला कुठं उतरवू?”

अप्पा गाडीच्या पायरीवर बसून तोंड धूत होते.

“कुणाला?”

“ह्या महानंदाला. आणि तिच्या पोरीला.”

महानंदा म्हणजे मी. पोर कडेवर होती, दीड वर्षाची. आदल्या दिवसापासून तिचं पोट बिघडलेलं.

अप्पांनी चूळ भरली. “काय केलं तिनं?”

“संडास तुंबवला. पोरीचं फडकं टाकलं असणार आत. पार वरपर्यंत आलंय, अप्पा. पूजेची वेळ झाली आणि गाडीत नाक धरून उभं राहावं लागतंय.”

“मी नाही टाकलं,” मी म्हणाले. “पोरीचं सगळं मी बाहेर धुते.”

माझं कुणी ऐकलं नाही. दर्शनाला आलेली गावातली चार माणसं तिथंच उभी होती. त्यांच्यातली एक बाई माझ्याकडं बघून दुसरीच्या कानाशी लागली.

अप्पांची गाडी म्हणजे चाकांवरचं घर. एका भक्तानं मठाला दिलेली. आत झोपायला फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, मोरी, संडास, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागं देव्हारा. अप्पा मठाचे गुरू, गावोगाव प्रवचनाला जायचे, आम्ही बरोबर. मी स्वयंपाकाला. नवऱ्यानं दुसरा घरोबा केल्यापासून ह्या गाडीशिवाय मला दार नव्हतं. उतरवलं असतं तर आजारी पोर घेऊन कुणाच्या उंबऱ्यात उभी राहिले असते, मला सांगता येणार नाही.

गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या होत्या. एकीत संडासाचं जायचं, दुसरीत मोरीचं. त्या साफ ठेवायचं काम अप्पांचे शिष्य त्रिलोचनदादांनी स्वतः मागून घेतलं होतं. काशीला शिकून आलेला माणूस, पण कामाला मागं सरणारा नव्हता. खरं आहे ते लिहायला पाहिजे.

“उतरव,” अप्पा म्हणाले.

मी पिशवी आणायला वळले.

“पण आधी मला सांग… फडकं बघितलंस?”

“बघितलं नाही. असणार.”

“टाकीची झडप लावलेली होती का?”

“छे!” त्रिलोचनदादा जरा ताठ झाले. “गाडी थांबली की मी आधी पाइप जोडतो आणि झडप उघडतो, ती निघेपर्यंत उघडीच. वर देव आहे, अप्पा. त्याच्या खाली घाण साठवायची? मी एक क्षण साठू देत नाही.”

“म्हणजे टाकी रिकामी आहे.”

“रिकामीच असणार.”

“मग वर काय आलंय?”

स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर संडासाच्या टाकीचा दिवा आहे. भरली की लाल होतो. तो बरेच दिवस लालच होता. त्रिलोचनदादा म्हणायचे, दिवा बिघडलाय.

“अप्पा, मी स्पष्ट बोलतो,” ते म्हणाले. “माझ्या मनात काही राहत नाही. तोंडावर बोलून मोकळा होतो. ही बाई गाडीत नको.”

“मोकळा झालास?”

“झालो.”

“बरं. चल मग, बघू.”

अप्पांनी उपरणं काढून माझ्या खांद्यावर टाकलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला गेले. आमची गाडी एका मंगल कार्यालयाच्या आवारात उभी होती. संडासाच्या टाकीचा जाड पाइप कार्यालयाच्या मैलाटाकीत सोडलेला. पाइपाच्या तोंडाशी काचेसारखा एक आरपार दिसणारा तुकडा असतो. त्याच्यासमोर अप्पा उकिडवे बसले.

झडप सताड उघडी होती. तुकड्यात काही हलत नव्हतं.

अप्पांनी दांडा आत ढकलला. झडप लागली.

“अहो अप्पा! आणखी तुंबेल!”

“पाणी आण.”

“किती?”

“तू संडासात किती टाकू देतोस सगळ्यांना?”

“एक मग. झडप उघडी असल्यावर जास्त पाणी लागतंच कशाला?”

अप्पांनी बाजूची बादली उचलून त्यांच्या हातात दिली.

“मी सांगेपर्यंत आणत राहा,” ते म्हणाले.

मग त्रिलोचनदादांनी कार्यालयाच्या हौदावरून बादल्या आणल्या. ड्रायव्हर बाशाभाईंनी एक लांब काठी सोलून दिली. वरून संडासात पाणी ओतायचं, काठीनं हळू ढोसायचं, पुन्हा ओतायचं. आधी पाणी तसंच वर उभं राहायचं. मग आत कुठंतरी गुडगुड व्हायची आणि बोटभर खाली जायचं. त्रिलोचनदादांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळून नाकावर आलं.

बाशाभाई दारातून म्हणाले, “दादा, काशीत हे शिकवलं नाही वाटतं?”

“तुम्ही गप बसा, बाशाभाई.”

“मी कुठं काय बोलतोय? मी तर नाक धरून हाय.”

टाकी पाण्यानं भरली तेव्हा अप्पा म्हणाले, “बाशा, गाडी फिरवून आण.”

“कुठल्या रस्त्यानं?”

“खराब रस्ता असेल तिकडनं.”

“मग कुठनंबी चालंल की.”

त्रिलोचनदादा घाईनं पुढं झाले. “थांबा, देव उतरवून घेतो. आत एवढी घाण घुसळणार…”

“राहू दे. देवालाही बसू देत चार हिसके.”

“अप्पा…”

“तू पण बस आत. टाकीच्या वरच्या फळीवर.”

पाइप सोडवला आणि गाडी गेली. मी माझी पिशवी आधीच खाली काढून ठेवली होती. पोर रडून रडून दमलेली. अप्पा कार्यालयाच्या ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. राहा म्हणतील, नाहीतर जा तरी म्हणतील.

“पोरीनं काही खाल्लं?” त्यांनी विचारलं.

“भाताची पेज.”

“मीठ घातलंस?”

“घातलं.”

“साखर पण घाल चिमूटभर. आणि घोट घोट पाणी पाजत राहा. थांबू नकोस.”

एवढंच बोलले आणि डोळे मिटून बसले. मी पिशवीकडं बघत पोरीला पाणी पाजत बसले.

उन्हं वर आल्यावर गाडी परत आली. त्रिलोचनदादा उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बाशाभाई म्हणाले, “खड्डा एकबी सोडला नाही, अप्पा.”

पाइप जोडला.

“ओढ दांडा,” अप्पा म्हणाले.

त्रिलोचनदादांनी ओढला.

एकदम धबाबा आवाज झाला. पाइप सापासारखा हलला. त्या आरपार तुकड्यातून कितीतरी वेळ दाट, काळपट असं जात राहिलं. मी जवळ जाऊन डोळे फाडून बघत होते. मला एकच भीती… कुठूनतरी कुणाचंतरी फडकं निघालं तर?

फडकं निघालं नाही.

कापडाची चिंधीसुद्धा नव्हती. सगळ्यांचं होतं, महिनोन्महिने बसलेलं.

धार बारीक झाली. त्रिलोचनदादा तुकड्याकडं बघत म्हणाले, “उघडी होती तरी…”

“उघडी होती तेव्हा काय गेलं?”

“…पातळ.”

“आणि?”

“दाट ते आतच बसून राहिलं.”

तुकडा आतून बरबटला होता. अप्पांनी दुसऱ्या टाकीच्या दांड्याकडं बोट केलं. “आता ही सोड.”

त्रिलोचनदादांचा हात मागं आला. “ही नाही, अप्पा.”

ती टाकीही त्याच पाइपाला जोडलेली, आणि तिच्यात अप्पांच्या अंघोळीचं पाणी. बाकी आम्ही सगळे बाहेर अंघोळ करायचो. ओट्यावरचं खरकटं पाणीसुद्धा मी बादलीत धरायचे, ह्या टाकीत जाऊ द्यायचे नाही. गुरूच्या अंघोळीचं पाणी पायदळी जाता कामा नये, असा मठाचा रिवाज. प्रत्येक मुक्कामाला त्रिलोचनदादा ते बादलीत काढून, अनवाणी जाऊन, बेलाच्या नाहीतर औदुंबराच्या बुंध्याशी घालायचे. गावातल्या बाया त्यातलं ओंजळभर डोळ्याला लावायच्या.

“ते झाडाचं आहे, अप्पा.”

“झाडाला पाऊस आहे. पाइपाला कोण आहे?”

“त्या पाइपातून? तुमचं पाणी? माझ्या हातून व्हायचं नाही.”

“मग माझ्या हातून होईल.” अप्पा वाकले.

त्रिलोचनदादांनी पटकन त्यांचा हात धरला. मग सोडला. मग स्वतःच दांडा ओढला, डोळे मिटून.

साबणाचं पाणी फेसाळत आलं. बघता बघता तुकडा धुऊन निघाला. पलीकडचं गवत दिसायला लागलं त्यातून, हिरवं.

त्रिलोचनदादांनी डोळे उघडले ते बाशाभाईंनी हाक मारल्यावर.

“आता उघडीच ठेवतो,” ते म्हणाले. “पाणी जास्त टाकायला सांगतो सगळ्यांना.”

अप्पांनी दोन्ही दांडे आत ढकलले. “थोडं पाणी सोड आत. आणि झडप लावलेली राहू दे.”

“पण साठेल…”

“साठेल.”

“देवाच्या खाली?”

“पाण्यात साठू दे. भरली की एकदम सोड.”

त्रिलोचनदादा उभे राहिले. हात कोपरापर्यंत भरलेले. तसेच माझ्याकडं वळले.

“महानंदा, चुकलं माझं. मी उगाच…”

“थांब,” अप्पा म्हणाले.

“माफी मागतोय, अप्पा.”

“कळलं मला. मोकळा व्हायला निघालास.”

त्रिलोचनदादा तसेच हौदाकडं वळले.

त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. हात धुतले, अंघोळ केली, पूजा केली, सगळं मुक्यानं. जेवायला वाढलं तर ताटाकडं बघत बसले. मला तर त्यांच्या ओरडण्यापेक्षा ह्या गप्प राहण्याची जास्त धास्ती वाटली. पिशवी अजून कार्यालयाच्या ओट्यावरच होती. ती आत न्यावी की नाही, कुणाला विचारू?

संध्याकाळी गावची माणसं प्रवचनाला जमली. पोरीला जरा उतार पडला होता, म्हणून मी तिला अंगणात सोडलं. ती एका बाईच्या मुलापाशी दुडुदुडु गेली. सकाळचीच बाई ती. तिनं आपला मुलगा चटकन ओढून घेतला आणि म्हणाली, “अगंबाई, हीच का ती संडास तुंबवणारी? उतरवली नाही अजून?”

आणखी दोघी हसल्या. एव्हाना सगळ्या गावात बोभाटा झाला होता.

मी पोरीला उचललं. डोळ्यांत पाणी आलं, पण चारचौघांत काय रडायचं.

त्रिलोचनदादा सतरंजी अंथरत होते. त्यांनी ते ऐकलं. हातातली सतरंजी तशीच राहिली… ते ओट्यापर्यंत आले, माझी पिशवी उचलली, गाडीत नेऊन माझ्या फळीवर ठेवली. मग अप्पांसमोर येऊन गुडघे टेकून बसले.

“अप्पा, गावाला मीच सांगितलं,” ते म्हणाले. “हिचं नाव मीच घेतलं, सगळ्यांसमोर. आता गाडी बिघडली होती म्हणून सांगू?”

“गाडी बिघडली होती?”

“नाही.”

“मग?”

“मग काय सांगू ह्या लोकांना?”

अप्पांनी पोरीला माझ्याकडून घेऊन मांडीवर बसवलं. तिनं त्यांची दाढी धरली. समोर सगळं गाव बसलं होतं.

“सांग, त्या टाकीत अप्पाचंही होतं,” ते म्हणाले. “जो भेटेल त्याला सांग.”