बालनेरीच्या फाटकातली दोघांची बैठक

स्कॉटलंडातल्या बालनेरी गावात जेवढे म्हणून जुने दगड आहेत, त्या प्रत्येकाची जन्मकथा आपल्याला तोंडपाठ आहे, असं डूगल मॅकफी छाती काढून सांगतो. आणि लगेच जोडतो, की शाळेत तो चारच वर्षं गेला, त्यातली दोन एकाच इयत्तेत. चर्चच्या दारावर कोरलेलं रोमन आकड्यांतलं साल त्याला लागत नाही. दर खेपेला तो वेगळं साल सांगतो, आणि आजवर एकाही शिकलेल्या माणसानं त्याला पकडलेलं नाही.

त्या दुपारीही त्यानं आठ-दहा पाहुण्यांना गाव दाखवलं. बंद पडलेली पाणचक्की दाखवली, कमानीचा अरुंद पूल दाखवला, जमीनदाराचा गोल कबुतरखाना दाखवला. "यातली कबुतरं आमच्या पणज्यापेक्षा चांगलं जेवायची," म्हणाला. मग चर्चमागच्या दफनभूमीशी सगळे आले. फाटकाच्या आत डाव्या हाताला एक लांबट दगडी बैठक आहे, नेमकी दोन माणसं मावतील एवढी.

"दमलात ना बाईसाहेब? टेका जरा."

हे कुमुदिनी परुळेकरांना. कुडाळच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. लेकाकडे आल्या होत्या, तिथून एकट्याच बसनं गाव बघायला निघालेल्या. त्या टेकल्या, पिशवी मांडीवर घेतली. डूगलच्या मिशा हलल्या. त्याची रीतच ती: आधी कुणाला तरी बसवायचं, मग गोष्ट काढायची. खिशात काळा दोरा, त्याचं दुसरं टोक फाटकाच्या कडीला.

असं सांगतात, की या भूमीत जो सर्वांत शेवटी पुरला जातो, त्याच्याकडे फाटकाची राखण येते. पुढचा मुडदा येईपर्यंत त्याला झोप नाही. एका हिवाळ्यात एकाच दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या. एक जमीनदाराच्या भावाची, दुसरी इवन मेंढपाळाची. मागून पोचेल त्याच्या गळ्यात राखण पडणार, म्हणून दोन्हीकडची माणसं शवपेट्या खांद्यावर घेऊन पळत सुटली. पुलावर गाठ पडली. पूल एका पेटीपुरता. काळ्या कोटातली देवभोळी माणसं कोपरांनी एकमेकांना ढोसू लागली, आणि इवनची पेटी हातभर पुढे सरकली.

तेव्हा इवनची विधवा मर्साली आडवी आली, म्हणे. "यांना जाऊ द्या पुढे. माझ्या माणसानं जन्मभर मेंढरं राखली, त्याला जागायची सवय आहे. या साहेबाला जिवंतपणी स्वतःचे बूट राखता आले नाहीत." मग पेटीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "कुणी ना कुणी लवकर येईल. नाहीच आलं, तर मी येईन."

पुढची सात वर्षं गावात कुणी मेलंच नाही. गाव खूश. मर्साली तेवढी खंगत चालली. दिवेलागणीला वारा नसताना फाटकाची कडी आपोआप वर उचलली जायची...

इथं डूगलनं खिशात दोरा ओढला. कडी खडखडली. दोन पाहुण्या किंचाळल्या, आणि डूगल पोट धरून हसला. परुळेकरबाई हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत.

बर्फ पडलं की फाटकापासून मर्सालीच्या दारापर्यंत पावलं उमटायची, म्हणे. दाराशी थांबायची आणि मागे वळायची. दार कधी वाजलं नाही. त्याला निदान टेकता यावं म्हणून तिनं हा दगड मेंढवाड्यातून ओढत आणला. आठव्या हिवाळ्यात एका सकाळी, धडधाकट असताना, तिनं पुरण्याचे कपडे अंगावर चढवले, शेजारणीला गाय बघायला सांगितलं आणि इथं येऊन बसली. लोकांना सापडली तेव्हा तिच्या मांडीवर वीतभर बर्फ होतं. शेजारची जागा कोरडी होती. तिला पुरलं, नियमाप्रमाणे इवन सुटला. पण तो गेलाच नाही, असं सांगतात.

तेव्हापासून बालनेरीत रीत पडली. ज्याला पुरलं, त्याच्या घरच्या एकानं त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत या बैठकीवर सोबतीला बसायचं.

"मग आता राखणीला कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"माझी बायको, ऊना," डूगल म्हणाला. "सहा वर्षं झाली. हल्ली लोक मेल्यावर शहरात जाऊन जाळून घेतात. इथं जागा राखलेला मी शेवटचा. आणि लेक म्हणते, थंडीच्या आत इन्व्हरनेसला माझ्याकडे ये, तिथंच राहा, तिथंच मर. म्हणजे ऊना बसली कायमची!" तो मोठ्यानं हसला. "बडबडी बाई होती. कंटाळली असेल."

"तिला पुरलं त्या दिवशी तुम्ही बसला होतात?"

"त्या दिवशी?" डूगलनं टोपी सारखी केली. "त्या दिवशी मी फाटकात उभा राहून लोकांना हसवत होतो. कुणीतरी हसवायला नको?"

कडी उचलली गेली. सावकाश वर झाली, तशीच थांबली आणि खाली पडली. डूगलचे दोन्ही हात काठीवर होते. दोरा खिशातून सुटून गवतात पडला होता. पाहुणे या खेपेलाही हसले. म्हातारा छान करतो, म्हणाले. डूगलनं फाटकाकडे पाहिलं नाही.

"आजही," तो ठरलेलं वाक्य म्हणाला, "आजही पाऊस थांबला की या बैठकीचा अर्धा भाग आधी वाळतो. राखणदाराचा. तुम्ही बसलात तो दुसरा, सोबत्याचा, बाईसाहेब."

इथं बसलेला माणूस नेहमी दचकून उठतो. परुळेकरबाई उठल्या, पण सावकाश. आपली अर्धी बाजू पदरानं पुसली आणि डूगलसाठी मोकळी करून बाजूला झाल्या.

"आमच्या गावालाही राखणदार असतो, मॅकफी. त्याला आम्ही नारळ देतो, दुसऱ्याच्या हातून सोबत पाठवत नाही. सहा वर्षं स्वतः न बसता परक्या माणसांना ऊनाच्या शेजारी बसवताय. तुम्हाला भीती मरणाची वाटते, की बायको काय म्हणेल त्याची?"