धारणपूरचे उभे सभासद

सभा सुरू होऊनही हे सगळे उभेच कसे, असं तुम्ही विचारलंत ना? पाहुण्यांना वाटतं, कुणीतरी वारलं असावं. तसं काही नाही. आमच्या नगरपालिकेत नवा सभासद आपण होऊन खुर्चीत बसत नाही. ज्याला मत नाही अशा माणसाने त्याला 'बस' म्हणावं लागतं. तोवर कामकाज उभ्याने.

ही रीत रावजी साळ्यापासून पडली म्हणतात. इंग्रजी अमलात सगळे सभासद सरकारच नेमायचं. पुढे साहेबाच्या मनात काय आलं कोण जाणे, काही जागा मतावर आल्या. पण मत फक्त घरपट्टी भरणाऱ्याला. साळीआळीतून रावजी निवडून आला. हलगी लावून मिरवणूक निघाली, ती थेट ओढ्यापलीकडे चामडं कमावणाऱ्यांच्या वस्तीत पेढे वाटायला गेली. त्या झोपड्यांना घरपट्टी नव्हती, म्हणून मतही नव्हतं. हलगी वाजवणारे मात्र तिथलेच!

हौसाबाई नावाच्या म्हातारीने पेढा घेतला नाही. म्हणाली, "तू बसशील खुर्चीत. आमच्यासाठी कोण बोलंल?"

रावजी वरमला. ओढ्याचं पाणी हातात घेऊन म्हणाला, "आजी, तू बस म्हणशील तवाच बसंन."

सरकारी अध्यक्ष भडकले. त्यांनी नियम काढला: खुर्चीत बसेल तोच हजर. रावजी समोर उभा राहून भांडतोय आणि कागदोपत्री गैरहजर! सारखा गैरहजर म्हणून जागा रद्द झाली. साळीआळीने पुन्हा त्यालाच पाठवलं. पुन्हा रद्द, पुन्हा रावजी. जन्म मागावर बसून काढलेला माणूस. पाय सुजून खांबासारखे झाले, असं सांगतात. नुसता टेकलास तरी चालेल, असा अध्यक्षांनी निरोप धाडला. पठ्ठ्या टेकला नाही.

शेवटी सरकारच नमलं, तेही इंचाइंचाने. आधी वस्तीतला एक माणूस सभेवर नेमला. मग पट्टीची अट सैल होत होत वस्तीतल्या पुरुषांना मत आलं.

त्या दिवशी हौसाबाई काठी टेकत सभेत आली. आता ही बस म्हणणार, म्हणून अध्यक्षांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. म्हातारीने रावजीच्या पायांकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"दुखतंय रं लेकरा, मला दिसतंय. पर मत गड्यांना आलं. मला कुठं आलं?"

रावजी हसला म्हणे, आणि त्याने खुर्ची मागे सारली. त्या खुर्चीत तो कधीच बसला नाही. बायकांना मत मिळालं तेव्हा दोघंही हयात नव्हती.

आजही तेच चाललंय. दारात बसलेत ते वीटभट्टीवरचे लोक. इथे राहून वर्षं झाली, पण मतदार यादीत त्यांची नावं नाहीत. त्यांनी अजून कुणाला 'बस' म्हटलेलं नाही. पाय दुखतात म्हणून सभासद सकाळपासून कुरकुरतायत.

दुखू देत.