ठमीच्या डिकीत पाणी

तात्यांची एक निळी गाडी. गाडीला मागे डिकी. डिकीत राहायची ठमी उंदरीण. ठमीचं एक इवलं पिल्लू. पिल्लाची कापसाची गादी.

तात्या रोज गाडी धुवायचे. बादली ओतायचे, ढाब्‌. एके दिवशी डिकीत आवाज आला. टप टप. टप टप. गादी भिजून चिंब. पिल्लू शिंकलं, फिच्च.

ठमीला आला राग. शेपूट ताठ. का येऊ नये राग, सांगा बरं? तुमची गादी कुणी भिजवली तर?

पण पाणी येतं कुठून? ठमीनं डिकी पुसली. भिंतीला कोरडं पीठ लावलं. बसली टक लावून. तात्यांनी बादली ओतली, ढाब्‌. तळाशी पाणी साचलं, पिठावर ओली रेघ आली. कुठून आली? झाकणाच्या रबराखालून.

"बरं सापडलंस," म्हणाली ठमी. आणि निघाली, फणफण, फणफण.

"रबरा, रबरा,
गादी भिजली.
मी रागावलेय. तू पाणी अडव."

रबर म्हणालं, "मी नाही अडवत. पन्हळ तुंबलीय. आधी पन्हळ वाहू दे."

पन्हळ म्हणजे झाकणाच्या कडेची नाली. पाणी जायची वाट. ठमी गेली तिच्याकडे, फणफण, फणफण.

"पन्हळी, पन्हळी,
गादी भिजली.
रबर अडवत नाही.
मी रागावलेय. तू वाहा."

पन्हळ म्हणाली, "मी नाही वाहत. माझ्यात हार अडकलाय. आधी हार निघू दे."

हार होता झेंडूचा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, तेव्हा बांधलेला. दसरा गेला, दिवाळी गेली, हार आपला तिथंच. कुजून काळा झाला, पण तोरा बघा त्याचा. ठमी गेली त्याच्याकडे, फणफण, फणफण.

"हारा, हारा,
गादी भिजली.
रबर अडवत नाही.
पन्हळ वाहत नाही.
मी रागावलेय. तू नीघ."

हार म्हणाला, "मी नाही निघत. मी पूजेचा हार. आधी काकूंना काढू दे."

वेणूकाकू ओट्यावर मटार सोलत होत्या. ठमी गेली, फणफण, फणफण.

"काकू, काकू,
गादी भिजली.
रबर अडवत नाही.
पन्हळ वाहत नाही.
हार निघत नाही.
मी रागावलेय. तुम्ही काढा."

काकू म्हणाल्या, "मी नाही काढत. पूजेचा हार कचऱ्यात टाकू होय? गाडीमागच्या जास्वंदीखाली पुरायला हवा. आधी तात्यांना खणू दे."

तात्या पेपर वाचत होते. फणफण, फणफण.

"तात्या, तात्या,
गादी भिजली.
रबर अडवत नाही.
पन्हळ वाहत नाही.
हार निघत नाही.
काकू काढत नाहीत.
मी रागावलेय. तुम्ही खणा."

तात्या म्हणाले, "मी नाही खणत. मातीचा दगड झालाय. आधी माती भिजू दे."

नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरं काय? ठमी गेली जास्वंदीखाली, फणफण, फणफण.

"माती, माती,
गादी भिजली.
रबर अडवत नाही.
पन्हळ वाहत नाही.
हार निघत नाही.
काकू काढत नाहीत.
तात्या खणत नाहीत.
मी रागावलेय. तू भीज."

माती तर ठमीहून जास्त रागावलेली. म्हणाली, "कशी भिजू? तात्या बादल्या ओततात गाडीवर. पन्हळीतून मला पाणी यायचं. आता थेंब नाही. आधी पाणी येऊ दे."

"पाणी?" ठमी थांबली. "पाणी माझ्या डिकीत आहे."

पळाली ठमी. डिकीच्या तळाला होतं एक बूच. ठमीनं दात रोवले. ओढलं, ओढलं, ओढलं. एवढीशी उंदरीण, पण राग केवढा. बूच निघालं, फट्‌. पाणी सुटलं, घळघळ, घळघळ. थेट जास्वंदीखाली गेलं.

मग काय?
पाणी आलं, माती भिजली.
माती भिजली, तात्यांनी खणलं.
तात्यांनी खणलं, काकूंनी काढला.
काकूंनी काढला, हार निघाला.
हार निघाला, पन्हळ वाहिली.
पन्हळ वाहिली, रबरानं पाणी अडवलं.

ठमीनं बूच परत बसवलं. तात्यांनी बादली ओतली, ढाब्‌. ठमीनं कान दिला. टप नाही, काही नाही.

तरी ठमीची शेपूट ताठच. "आणि माझ्या पिल्लाची गादी?"

काकू म्हणाल्या, "चुकलं गं बाई आमचं." वातींसाठी ठेवलेला कापूस त्यांनी डब्यातून काढला. पांढरा, मऊ, भरपूर. ठमीनं नवी गादी केली. पिल्लू झोपलं. तेव्हा कुठे ठमीची शेपूट खाली आली.

पुढचा दसरा आला. गाडीची पूजा झाली. डिकीला नवा हार आला. दुसऱ्या दिवशी उजाडलं, तर ठमी हारापाशी उभी. शेपूट ताठ.

काकू म्हणाल्या, "काढते गं, काढते."

हार मातीत, पिल्लू गादीत, आणि तुम्ही शिरा पांघरुणात.