येसाक्काचा गळका मांडव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही. येसाक्काचं मात्र आठवतं.

एका गावात तीन आळ्या होत्या. वरची कुंभारांची, मधली कोष्ट्यांची आणि ओढ्यापलीकडची बुरुडांची. मोठ्या माणसांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. पण गावाच्या मधोमध, करंजाच्या झाडाखाली येसाक्काचं पटांगण होतं. सांज झाली की तिथं तिन्ही आळ्यांची पोरं जमत. येसाक्का त्यांना लेझीम शिकवी, गाणी शिकवी आणि भांडलीच, तर भांडण मिटेपर्यंत समोरासमोर बसवून ठेवी.

पटांगणाला भिंत नव्हती, दार नव्हतं. होता फक्त एक मांडव, आणि तोही दर वैशाखात पोरांनीच घालायचा. बुरुडांच्या पोरांनी बांबू आणायचे, कोष्ट्यांच्या पोरांनी दोऱ्या वळायच्या, कुंभारांच्या पोरांनी माती कालवून खांब रोवायचे. गवतानं शाकारायला मात्र सगळे. इतकं करून मांडव गळायचा तो गळायचाच.

याच पटांगणात वाढलेला कोष्टीआळीचा रखमाजी पुढे राजाचा कारभारी झाला. राजवाड्यात त्याला कशाची वाण नव्हती. पण संध्याकाळ झाली की त्याचा जीव गावाकडे ओढ घेई. करंजाचा वास आठवे, लेझमीचा आवाज आठवे. एकदा शाकारताना त्याचा पाय घसरला होता, तेव्हा खाली उभ्या असलेल्या हैबती कुंभारानं त्याला खांद्यावर पेललं होतं. दोघांच्या बापांत तेव्हा साधं बोलणंही नव्हतं! ते आठवून कारभारी एकटाच हसत बसे.

'आपण भिजलो ते भिजलो, आता तिथली पोरं भिजायला नकोत,' असं म्हणून त्यानं राजाकडे शब्द टाकला. राजा मोठ्या मनाचा. दगड आले, गवंडी आले. पोरं सवयीनं बांबू घेऊन धावली, तर मुकादम खेकसला, "बाजूला व्हा रे! लागेल कुणाला तरी." बघता बघता पटांगणात चिरेबंदी सभागृह उभं राहिलं. छप्पर असं, की थेंब आत येणार नाही. आणि दार भक्कम सागवानी.

येसाक्कानं निरोप धाडला, "बाळा, छान झालंय. एकदा येऊन बघून जा."

राजाच्या कामांतून कारभाऱ्याला सवड व्हायला वर्ष लागलं. आला तो थेट पटांगणात. दाराला कुलूप होतं, पायरीवर गवत उगवलं होतं. करंजाखाली येसाक्का एकटीच बसली होती.

"आक्का, पोरं कुठायत?"

"आपापल्या आळीत."

"आणि हे कुलूप?"

आक्का हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "दार आलं म्हणून कुलूप आलं, कुलूप आलं म्हणून किल्ली आली. ती कुठल्या आळीनं ठेवायची, यावरून डोकी फुटायची वेळ आली रे! शेवटी नेऊन दिली गुरवाकडे. त्या रागात कुणी तरी ओढ्यावरचा साकवसुद्धा मोडला."

कारभारी तिच्याजवळ खाली बसला. "मी चांगलंच करायला गेलो होतो गं, आक्का."

"ते का मला ठाऊक नाही? पण मला एक सांग. तिकडे राजवाड्यात तुला इथलं काय आठवतं?"

"मांडव आठवतो. हैबतीचा खांदा आठवतो. गळायला लागलं की सगळे एका गोणपाटाखाली दाटीवाटीनं..."

ज्या आठवणींवर आपण जन्म काढला, नेमक्या त्याच आपण या पोरांना मिळू दिल्या नाहीत, हे त्याला उमगलं आणि त्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गवंडी बोलावले. दार काढवलं, छप्पर उतरवलं. "कारभाऱ्याचं डोकं फिरलं," लोक म्हणाले. पण तो ऐकतोय कुठला? पागोटं करंजाच्या फांदीला अडकवून, धोतर खोचून तो स्वतः बांबू घेऊन भिंतीवर चढला. हातांची सवय केव्हाच मोडली होती. बांबू निसटू लागला.

"अरे, धरा रे कुणी तरी खालून!" तो ओरडला.

पोरं लांबून गंमत बघत होती. त्यातली ओढ्याच्या पाण्यातून आलेली एक बुरुडाची पोर खुदकन हसली आणि धावत आली. "असा धरतात होय बांबू, काका?" तिच्यामागून कोष्ट्यांची पोरं दोरी घेऊन आली. मग कुंभारांची आली, कारण खांब रोवायचं काम दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना खपणार नव्हतं. आणखी बांबू हवे होते, ते पलीकडून आणायचे म्हणून पोरांनी साकवही बांधून काढला. दुपारी हैबती आला. केस पिकलेले, पण पूर्वीसारखाच खाली खांदा पुढे करून उभा राहिला.

किल्ली गुरवाकडेच गंजून गेली. तिची आठवणही कुणाला झाली नाही.

पुढे येसाक्का गेली. कारभारी म्हातारा होऊन गावी परतला. पाऊस आला की तो मांडवात पोरांच्या घोळक्यात जाऊन बसे, तोही नेमका गळत्या जागी.

"आजोबा, इकडे सरका की, भिजताय!" पोरं म्हणत.

"असू द्या रे," तो म्हणे, "याचसाठी तर आलोय."

तात्पर्य: आयत्या छपराखाली माणसांना आसरा मिळतो, सगळ्यांनी मिळून घातलेल्या मांडवाखाली माणसंच एकमेकांना मिळतात.