भिवराकाकीच्या शिव्या

फार मागची गोष्ट, आपल्या पणज्यांच्याही आधीची. कोंडवाडीत भिवराकाकी नावाची एकटी बाई होती. तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, एक जुना फणस होता. पावसाळ्यात घराघरातले तांदूळ संपले की सगळी वाडी त्याच्या आठळ्या उकडून जगायची. त्याची मुळं वर आली होती, मांडीएवढी जाड.

काकीचा दीर धर्माजी. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं, मांडव काकीच्या खळ्यात. हा शहाणा कुऱ्हाड घेऊन आला.

"वयनी, व्याही ठेचकाळतले तर माझी अब्रू जायत."

"मेल्या, झाडाचे पाय तोडतंस आणि त्याच्याच सावलीत मांडव घालतंस? वाडीन आषाढात काय खावचा, तुझी अब्रू?"

ऐकेल तर शपथ! घातलाच त्याने घाव. मुळातून चीक आला, भळाभळा आला, आणि धर्माजीचे दोन्ही पाय जागीच चिकटले, असं म्हणतात. खोटं वाटतंय? मग उठा, घरी जा.

लोकांनी घागरीने तेल ओतलं. फणसाचा चीक तेलाने सुटतो, हे पोरंही जाणतात. हा सुटेना. आणि काकी जी शिव्या द्यायला लागली, ती दिवस कलला तरी थांबेना. त्याच्या सात पिढ्या काढल्या. ऐकणाऱ्यांचे कान तापले, असं म्हणतात.

शेवटी तो रडला. "वयनी, चुकलंय."

"माका काय सांगतंस? मुळाक सांग. माती घाल वर. ओंजळभरच! गाडू नको, गुदमरात ता."

त्याने वाकून ओंजळीने माती पसरली, वर पाचोळा घातला, तेव्हा कुठे पाय सुटले. लग्न त्याच उंचसखल खळ्यात झालं. व्याह्यांना ठेच लागलीच. काकीने त्यांनाही सोडलं नाही. "खाली बघान चल, मेल्या!"

तोडलेल्या बाजूची फांदी मात्र वाळली ती वाळलीच. पण त्या पावसाळ्यात उरलेल्या मुळांनाच मातीखाली फणस धरले, जमीन तडकून वास सुटला आणि वाडीत कुणी उपाशी झोपलं नाही, असं म्हणतात.

अजून कोंडवाडीत खळं चोपून सपाट करायच्या आधी घरातली थोरली बाई तिथल्या झाडाच्या मुळांपाशी उभी राहते आणि भिवराकाकीचं नाव घेऊन घरधन्याला पोटभर शिव्या घालते. तो मान खाली घालून माती-पाचोळा पसरतो. हसला, तर पुन्हा पहिल्यापासून. गेल्या साली एकाने फरशी बसवायची म्हणून मुळं तोडायला गडी आणले. वाडीतल्या झाडून सगळ्या बाया पदर खोचून त्याच्या खळ्यात गेल्या. फरशी अजून त्याच्या पडवीत पडून आहे.