चैत्रातले विरजण

चैत्र वद्य सप्तमी. आभाळ कोरडे, वारा पडलेला. दिवस हातभर वर येतो न येतो तोच माळ तापू लागला.

अशा उन्हात घोंगड्या विकायला निघणाऱ्याला लोक खुळा म्हणतात. तरीही फार पूर्वी, माळावरच्या एका गावात, एक घोंगडीवाला आणि त्याची बायको त्या सकाळी गाडीत घोंगड्या भरत होती. त्याला कारण होते. त्यांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. नवमीला, दिवे लागायच्या आत. सासरची गाडी तिला दारात उतरवून तशीच परत फिरणार होती. आणि घरात तुपाचा थेंब नव्हता, डिंक नव्हता, खारीक नव्हती.

चैत्रात घोंगडी घेणारे गाव सगळ्या मुलखात एकच होते, ते म्हणजे फासेनगरी. दिवसभराच्या वाटेवर. तिथल्या मोठ्या महालात बारा महिने फाशांचे डाव चालत. खेळणाऱ्याला झोप येऊ नये म्हणून तळघरात डोंगरावरचा बर्फ भरलेला असे आणि भिंतींवर ओले वाळ्याचे पडदे. बाहेर लाही फुटावी असे ऊन असले तरी आत माणसे घोंगडी पांघरून बसत.

घोंगडीवाल्याची म्हातारी आत्या तरुणपणी त्या नगरीत जाऊन आली होती. ती गाडीच्या चाकाला टेकून उभी राहिली.

"पहिल्यांदा जाताय, म्हणून सांगते. आधी सामान घ्या, गाडीत बांधा, मग काय तो महाल बघा. बैल त्यांच्या गोठ्यात बांधू नका. चारा फुकट घालतात, पण गोठा सगळ्या दालनांच्या पल्याड असतो. आणायला गेलेला माणूस मधेच बसतो. फुकटचं खायला देतील, ते खा, पण उभ्यानं खा."

"आणि मला कोणी शेट म्हटलं तर?" घोंगडीवाल्याने डोळे मिचकावले.

"तर मागं वळून बघ, शेट कोण उभा आहे ते."

बायको हसली. मग म्हणाली, "आत्याबाई, आत खिडकी नाही म्हणतात. वेळ कशी कळायची?"

"माझ्या वेळी उघडा मांडव होता. पण खेळताना आभाळाकडं बघतंय कोण? मी वेशीवर कोमट दूध घ्यायची आणि घरचं विरजण लावायची. दही लागलं की उठायचं. जिंकत असलीस तरी, हरत असलीस तरी."

बायकोने घरचे विरजण वाटीत घेतले, वर फडके बांधले. नव्या बाळासाठी विणलेली छोटी पांढरी घोंगडी तिने खांद्यावर टाकली. ती विकायची नव्हती, पण कोकराची लोकर कशी मऊ असते ते गिऱ्हाइकाला दाखवायला बरी.

दिवस कलता ती दोघे नगरीच्या वेशीवर पोहोचली. तिथे चिंचेखाली एक म्हातारा परक्यांचे बैल सांभाळत बसला होता. मोरक्या आणि चांद्या ही बैलजोडी त्यांनी त्याच्या हवाली केली.

"आत्ता येतो, बाबा," घोंगडीवाला म्हणाला.

"सगळे तेच म्हणतात," म्हातारा म्हणाला आणि वैरण सोडायला लागला.

बाजारात निम्म्या घोंगड्या देऊन त्यांनी तूप, डिंक आणि खारीक घेतली आणि गाडीत घट्ट बांधली. उरलेल्या घोंगड्या महालात खपणार होत्या. बायकोने गवळणीकडून कोमट दूध घेतले, मडक्यात ओतून विरजण लावले, आणि दोघे आत गेली.

आत घोंगड्या हातोहात गेल्या. पण मोबदल्यात नाणी मिळाली नाहीत, धान्यही नाही. मिळाल्या लाल-काळ्या गुंजा.

"याचं काय करू?" घोंगडीवाल्याने विचारले.

"शेवटच्या दालनात देवघेवीची खिडकी आहे, तिथं बदलून मिळतील," महालाचा कारभारी अदबीने म्हणाला. "या शेट, इकडून या."

घोंगडीवाल्याने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. त्याला हसू आले. पण पहिल्याच दालनात एक पट मोकळा होता आणि हातात गुंजा होत्या. गुंज म्हणजे काय, झुडपावरची बी. ती टाकताना घोंगडी टाकल्यासारखे वाटत नाही. त्याने एक डाव टाकला आणि जिंकला.

"वा शेट!" कारभारी म्हणाला.

या वेळी त्याने मागे वळून पाहिले नाही.

बायकोने मडक्यात डोकावले. दूध पातळच होते. "अजून लागलं नाही," ती म्हणाली.

"मग वेळ आहे," तो म्हणाला.

कोणी सरबत आणले, कोणी उशी आणून दिली. उभ्याने खायचे आत्याने सांगितले होते, पण पाय दुखत होते, ती बसली. बसल्यावर तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा समया तशाच जळत होत्या, माणसे तशीच बसली होती आणि नवऱ्यापुढे गुंजांची रास होती.

"दही?" त्याने मान न वळवता विचारले.

तिने फडके उचलले. "पातळच आहे."

"बघ! मला वाटलं, लई वेळ झाला."

असे कितीदा झाले ते तिला सांगता आले नसते. तोही मधेच पटाला टेकून डुलकी घेई, उठे आणि पुन्हा फासे उचली. ती दर वेळी मडके बघे. विरजण आत्याने सांगितले तसेच लावले होते, दूध चांगले होते. दही लागत नव्हते, म्हणजे संध्याकाळ सरली नव्हती. तिचा जीव निवांत होता.

मग रास उतरू लागली. उतरता उतरता पटावर मोजक्या गुंजा उरल्या. घोंगडीवाल्याने पहिल्यांदाच मान वळवली.

"अगं, ती छोटी घोंगडी दे."

"बाळाची?"

"एका डावापुरती. सगळं परत आणतो, बघ तू."

"ती आता सुटायची नाही," बायको म्हणाली. "विरजण गारठलंय. म्हणून मडक्याला गुंडाळलीय."

तो मोठ्याने हसला. "चैत्रात? चैत्रात कोणी विरजणाला घोंगडी गुंडाळतं होय? ते पौषात करायचं, थंडीनं दही लागत नाही तेव्हा..."

बोलता बोलता तो थांबला. फासे त्याच्या मुठीतच राहिले.

बायको मांडीवरच्या मडक्याकडे बघत होती. तिने त्याला हात लावला. गार पडले होते, पौषातल्या पहाटेच्या दगडासारखे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे इथं लागायचंच नाही."

दोघांनाही एकच गोष्ट दिसली: कुलूप घातलेले दार आणि पायरीवर गाठोडे घेऊन बसलेली लेक.

घोंगडीवाल्याने फासे खाली ठेवले.

"शेट, डाव अर्धा आहे," कारभारी म्हणाला.

"असू दे."

"निदान उरलेल्या गुंजा तरी बदलून घ्या. खिडकी पलीकडंच आहे."

"पलीकडं म्हणजे किती दालनं ओलांडून?" बायकोने विचारले.

कारभारी गोड हसला. "वाटेत बसायची सोय आहे, ताई."

गुंजा पटावरच राहिल्या. ती दोघे आल्या वाटेने बाहेर आली. बाहेर लख्ख ऊन होते. डोळे उघडेनात. चिंचेखालचा म्हातारा बैलांना पाणी दाखवत होता.

"बाबा, आज अष्टमी ना?" घोंगडीवाल्याने विचारले.

"अष्टमी काल गेली. आज नवमी. आत्ताशी सकाळ आहे, निघालात तर पोचाल." म्हाताऱ्याने बैलांचा कासरा त्याच्या हातात दिला. "बैल इथं बांधलेत म्हणून. त्या तिकडच्या गोठ्यात असते, तर मी तुम्हाला अमावास्येलाच भेटलो असतो."

मोरक्या-चांद्या दोन रात्री खाऊन-पिऊन ताजे झालेले. घराची वाट दिसताच आपणहून दौडू लागले. बायकोने मडके तुपाच्या बुधल्याशेजारी उघड्या उन्हात ठेवले. माळावरची धूळ तोंडात जात होती आणि ती धूळही त्यांना बरी वाटत होती.

दुपारी बैलांना सावलीत उभे केले तेव्हा तिने फडके उचलले. मडके तिरके केले. आतले काही हलले नाही.

"लागलं," ती म्हणाली.

"मग उठायची वेळ झाली म्हणायची," तो म्हणाला. तिला हसू फुटले, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

ऊन उतरणीला लागले तेव्हा गाव दिसले. पलीकडच्या वाटेवर आणखी एक गाडी धूळ उडवत येत होती. घोंगडीवाला जुवाजवळ उभा राहून बैलांना हाका देऊ लागला. तो घरापुढे उतरला, कुलूप काढले, बायकोने चूल पेटवली, आणि दुसरी गाडी दारात थांबली.

"आई, अंगणात सडा कसा नाही?" लेक उतरता उतरता म्हणाली. "विसरलात की काय मला?"

"तुझ्या बापाला विचार," आई म्हणाली आणि तिला हात धरून आत घेतले.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. सगळे ऐकून ती म्हणाली, "आता कोणी विचारलं तर सांगेन, विरजण लावा, पण मडकं बाहेर चिंचेखाली ठेवा. आणि त्या म्हाताऱ्याला सांगा, दही लागलं की हाक मार."

तूप, डिंक आणि खारीक घरी आली. उरलेल्या निम्म्या घोंगड्यांचे मोल फासेनगरीतच राहिले. नवमीच्या रात्री लेकीने दही-भाकरी खाल्ली. वैशाखात तिला मुलगी झाली आणि पांढरी घोंगडी तिच्या अंगावर पडली.

तात्पर्य: ज्या घरातून वेळेवर उठायचे, त्या घरातल्या हवेवर आपली वेळ सोपवू नये, ती उंबऱ्याबाहेर ठेवूनच आत जावे.