राणीच्या टोपलीतल्या काकड्या

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, किल्ले होते, पण उन्हाळा मात्र आजच्यासारखाच होता. एका नदीकाठी एक गाव होतं. वैशाख लागला की तिथली माती तव्यासारखी तापे, विहिरी तळ दाखवू लागत आणि माणसं सावली बघून पाऊल टाकत.

त्या गावाची एक रीत होती. वैशाखातल्या पुनवेला कुणाच्याही घरी चूल पेटत नसे. देवळापुढे एक मोठी दगडी डोण होती, तिच्यात सगळ्या गावाची मिळून एकच गारेगार कोशिंबीर व्हायची. कुणी काकड्या आणी, कुणी वाळूतलं खरबूज, कुणी कैऱ्या, कुणी डाळिंब. ज्याच्या घरी काहीच नसे तो बांधावरचा घोळ खुडून आणी, आणि त्याची आंबटसर पानंही तेवढ्याच मानाने डोणीत पडत. वरून पुदिना, कोथिंबीर, मीठ, गूळ आणि घागरीघागरींनी दही. मग राव असो की रंक, सगळे एका पंगतीला बसत. पोटं निवत आणि त्यासोबत वर्षभराची भांडणंही निवत.

पण बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, काकडी ही मोठी लबाड जात आहे. बाहेरून हिरवीगार दिसते आणि आतून कडूजहर निघते. थोडी कडवट असली तर देठाकडचा तुकडा कापून चोळला की सुधारते. पण बीच बिघडलेलं असलं तर चोळून काय होणार? तसली काकडी पोटात गेली की माणूस ओकून ओकून अर्धा होतो, आणि वैशाखात अर्धा झालेला माणूस पुरता जायला वेळ लागत नाही.

म्हणून गावाने एक चाखणारी नेमलेली असे. हा मान एकाच घरात सासूकडून सुनेकडे येई. चाखणारी पारावर बसायची, प्रत्येक टोपलीतल्या काकडीची चकती जिभेवर ठेवायची. गोड असली तर टोपली डोणीकडे जाई. कडू असली तर ती सगळ्यांदेखत थुंकायची. मग टोपलीवाल्याने हात जोडायचे, "वाचलो गं माय!" म्हणायचं आणि ती टोपली उकिरड्यात पुरून यायची. त्यात कुणी राग मानत नसे. राग मानला असता तर ही रीत एक वर्षही टिकली नसती.

आपल्या गोष्टीतली चाखणारी हा मान वीस-बावीस वर्षं सांभाळत आली होती. तिने पाटलाची टोपली थुंकली होती, सख्ख्या दिराची थुंकली होती, एकदा तर आपल्या परसातलीही थुंकली होती. तिची जीभ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणत.

या बाईला एकुलता एक मुलगा होता. राजाच्या फौजेने त्याला सीमेवरच्या किल्ल्यावर नेलं त्याला चार वर्षं झाली होती. तिथून सांगावा येई तो मेलेल्यांचाच. नवरा आधीच गेलेला. दिवस कसाही जाई, पण भाकरी करताना हात दोन भाकऱ्यांचं पीठ घेई आणि मग ती त्यातलं अर्धं परत मडक्यात टाकी. अखेर त्या वर्षी ती पायी राजधानीला गेली आणि राणीचे पाय धरले. राणी म्हणाली, "बघते मी. पुनवेला तुमच्या गावची कोशिंबीर खायला येणार आहे, तेव्हा बोलू."

पुनव उजाडली. राणी आली, तिच्यासोबत मेणा, भालदार आणि दोन माणसांनी उचललेली भली मोठी टोपली. तिने ती टोपली पारापुढे ठेवायला लावली.

"आमच्या बागेतल्या काकड्या आहेत, आजी," राणी म्हणाली. "बी परमुलखातून आलंय. पहिलंच पीक आहे. चाखून बघा बरं."

चाखणारीने एक काकडी घेतली, चकती कापली, जिभेवर ठेवली. आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती साधी कडू नव्हती. इंद्रावणाच्या फळासारखी, घशापर्यंत जाळत जाणारी कडू होती.

सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. राणीही बघत होती. थुंकायला एक क्षण लागला असता. पण त्या क्षणात तिच्या मनात आलं, राणीची टोपली गावादेखत थुंकली आणि तिला राग आला तर? माझं पोरगं तिथेच, किल्ल्यावर मरेल. आज हिला नाराज करून कसं चालेल?

तिने चकती गिळली.

"ग्वाड हाय, राणीसरकार," ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. तिने दुसरी काकडी चाखली, तिसरी चाखली. सगळ्या एकाच माळेचे मणी. सगळ्या तिने हसऱ्या तोंडाने गिळल्या. एकदा खोटं बोललं की त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं येतंच, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बायांनी काकड्या कोचल्या, कैऱ्या किसल्या, खरबुजाच्या फोडी केल्या. चाखणारी मनाला समजावत राहिली. एवढ्या मोठ्या डोणीत ही एक टोपली ती काय! दह्यात मुरेल, गुळात बुडेल. ती उठली आणि तिने स्वतःच्या हाताने गूळ घातला, मग आणखी घातला, वर पुदिन्याच्या जुड्या चुरडून टाकल्या.

"आत्याबाई, गूळ लईच झाला की," एक सून म्हणाली.

"ऊन लई हाय. खाऊ द्या ग्वाड."

आणि कडू लपलं. इतकं छान लपलं की लोकांनी बोटं चाटून खाल्लं. उघडं कडू माणूस थुंकून तरी टाकतो. गुळातलं कडू तो मागून घेतो.

पंगत निम्मी झाली आणि चाखणारीच्या पोटात पहिली कळ उठली. तिला कळायचं ते कळलं. इतक्यात वेशीकडून धुळीने माखलेला, हाडांचा सापळा झालेला एक जवान आला आणि थेट तिच्या पायाशी बसला. तो तिचा मुलगा होता.

तिने त्याचा चेहरा ओंजळीत धरला. तिला हसूही येईना आणि रडूही येईना. कुणीतरी त्याच्या हातात कोशिंबिरीचा द्रोण दिला.

"थांब," ती म्हणाली. "ते नगं खाऊस."

"का गं आये?"

आजूबाजूच्या चार माणसांनी माना वळवल्या. पलीकडे राणी बसली होती. चाखणारीच्या ओठावर आलेलं परत आत गेलं.

"उन्हातनं आलायस म्हनून. आधी दमानं पानी पी."

मुलगा हसला. "चार वर्सं ह्याच द्रोनाची सपनं बघितली मी. आन तुझ्या जिभेवरनं गेलेलं हाय, मग कसली भीती?"

त्याने द्रोण तोंडाला लावला. तो संपल्यावर दुसरा मागितला. त्याची आई तिथे बसून होती. तिला अजूनही ओरडता आलं असतं, आणि ती ओरडली नाही. ही गोष्ट सांगताना दर वेळी माझी वाचा इथेच बसते.

उन्हं कलायच्या आत गाव आडवं झालं. घराघरातून ओकाऱ्यांचे आवाज येऊ लागले. पाणी पाजावं तर ते टिकेना. धडधाकट होते ते तगले. राणीही तगली, चाखणारीही तगली. पण म्हातारी माणसं गेली, कुंभाराची दोन लेकरं गेली. आणि पहाटेपासून उन्हात चालत आलेला, अंगात आधीच पाण्याचा थेंब न उरलेला तिचा मुलगा दिवस मावळताना गेला. शेवटपर्यंत तो तिचं लुगडं धरून पाणी मागत होता.

दुसऱ्या दिवशी राणी तिच्या दारात आली. चेहरा पांढराफटक, चालताना दासीचा आधार घेतलेला.

"आजी, खरं सांगा. माझ्या काकड्या कडू होत्या?"

"व्हत्या."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्याच फोडीला."

"मग थुंकलात का नाही?"

"तुमास्नी राग आला तर पोराला सोडनार न्हाई, असं वाटलं."

राणी उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "त्याला सोडायचा हुकूम मी अमावास्येलाच दिला होता. तो माझ्यामागून निघाला होता. तुम्हाला अचानक भेटावा म्हणून मी बोलले नाही. आणि आजी, मला काकडीतलं काय कळतं? कळत नव्हतं, म्हणूनच तर टोपली आधी तुमच्यापुढे ठेवली."

चाखणारीने कपाळ जमिनीवर आपटलं नाही की छाती बडवली नाही. ती उठून पारावर गेली, जमलेल्या गावासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काकड्या कडू व्हत्या. मला ठावं व्हतं. मी बोलले न्हाई." एवढंच. कुंभारीण तिच्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाशी धरून निघून गेली.

राजाने तिला शिक्षा केली नाही. गावानेही तिला हाकललं नाही. सणासुदीला शेजारणी तिच्या ओसरीवर ताट ठेवून जात. पण तिच्या हातचं पाणीसुद्धा पुन्हा कुणी प्यायलं नाही.

पुढच्या वैशाखात डोण धुवायला कुणी आलं नाही. चाखणारीचा मान घ्यायला गावातली एकही सून पुढे झाली नाही, कारण आता चाखणारीवर विश्वास कोण ठेवणार? पुनवेला दारं लोटून ज्याने त्याने आपापली काकडी आपापल्या घरात, चकती चकती तपासत खाल्ली. ज्यांच्याकडे नुसता घोळ होता त्यांनी नुसता घोळ खाल्ला. त्या गावात आजही तसंच चालतं म्हणतात.

तात्पर्य : भिडेपोटी जो कडू गिळतो, तो ते आपल्याच माणसांच्या पानात वाढतो.